रॅप ग्रुपचं सिंगल: बीट निवडण्यापासून पैसे वाटण्यापर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये तीन ते सहा जणांचे ग्रुप करून मराठीत रॅप करणाऱ्यांसाठी हे पान आहे. एकट्या रॅपरचं गाणं आणि ग्रुपचं गाणं यांत मोठा फरक आहे. ग्रुपच्या गाण्यात पहिल्याच ऐकण्यात प्रत्येक आवाज वेगळा ओळखू यायला हवा. आणि ते गाणं कोणाकोणाचं आहे, हे रेकॉर्डिंगच्या आधी ठरलेलं हवं. खालची बहुतेक उत्तरं याच दोन गोष्टींकडे येतात.

आम्ही पाच जण आहोत. प्रत्येकाला सोळा बार द्यायचे का?

नाही. हिशेब करून बघा. ९० बीपीएमला (मिनिटाला ९० ठोके) चार ठोक्यांचा एक बार साधारण २.६७ सेकंदांचा होतो, म्हणजे सोळा बार जवळपास ४३ सेकंद. पाच जणांचे झाले साडेतीन मिनिटांहून जास्त. त्यात आठ बारचा हुक (परत परत येणारा, लोकांच्या तोंडी बसणारा भाग) चार वेळा घेतला की गाणं पाच मिनिटांवर जातं. अल्बममध्ये ते खपेल, सिंगलमध्ये नाही.

चालणारी मांडणी अशी: चार बारची सुरुवात, मग दोघांचे आठ-आठ बार, हुक, पुढच्या दोघांचे आठ-आठ बार, पुन्हा हुक, पाचव्याचे आठ बार आणि शेवटचा हुक. एकूण ६८ बार, ९० बीपीएमला तीन मिनिटांच्या आसपास. आठ बारमध्ये भरताड ओळींना जागाच उरत नाही, त्यामुळे लिखाण आपोआप घट्ट होतं.

क्रम मैत्रीवर किंवा वयावर ठरवू नका, आवाजावर ठरवा. खर्जातल्या आवाजानंतर लगेच दुसरा खर्जातला आवाज आला, तर ऐकणाऱ्याला माणूस बदललाय हे कळतच नाही. जाड आवाजामागे पातळ आवाज ठेवा, संथ बोलणाऱ्यामागे झपाट्यानं बोलणारा. दोन आवाज फारच सारखे असतील तर त्यांना एकाच वर्समध्ये (दोन हुकांमधल्या रॅपच्या भागात) ओळीआड ओळ देऊ नका. त्यांच्यामध्ये हुक येऊ द्या.

हुक आधी लिहायचा की वर्स?

हुक. वर्स नंतर बदलता येतो. हुक बदलला तर वर्सचा विषयही सरकतो आणि सगळ्यांना पुन्हा लिहायला बसावं लागतं.

चांगला हुक बीटशिवाय (मागे वाजणाऱ्या संगीताशिवाय), नुसत्या टाळीवर म्हणता येतो आणि एका दमात दोन ओळी बसतात. ओरडताना 'आ' आणि 'ओ' हे स्वर लांबवर पोचतात. जोडाक्षरात संपणारी ओळ गर्दीच्या तोंडी अडकते. ग्रुपबाहेरच्या चार-पाच जणांना हुक दोनदा ऐकवा, दहा मिनिटं दुसऱ्या गप्पा मारा आणि मग म्हणायला सांगा. जिथं सगळे अडखळतात, तो शब्द बदला.

यमक जुळतं, तरी रॅप शाळेतल्या कवितेसारखं का वाटतं?

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे प्रत्येक ओळ 'आहे', 'जातो', 'केला', 'पाहिलं' अशानं संपते आणि यमक नुसत्या प्रत्ययांचं होतं. 'चाललो आहे' आणि 'थांबलो आहे' हे जुळलं खरं, पण त्यात कानाला काहीच सापडत नाही. उपाय म्हणजे क्रियापद मधे ओढा किंवा गाळा आणि ओळ नामावर सोडा:

शेवटची बस नि शेवटची सीट,
काचेवर बोटांनी वाजतोय बीट.

इथं पहिल्या ओळीत क्रियापदच नाही आणि दुसरीत ते शेवटून दुसरं आहे. बोलीत हा क्रम अजिबात खटकत नाही. पोवाडा आणि लावणी हेच वर्षानुवर्षं करत आल्या आहेत, ती रचना कान देऊन ऐका.

दुसरी चूक मोजण्यात होते. अक्षरं कागदावरची मोजू नका, तोंडातली मोजा. 'करत' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना दोनच ठोके: क-रत. कागदावर समान दिसणाऱ्या दोन ओळी बीटवर लांब-आखूड पडतात त्या याच कारणानं. यमकाचा शब्द स्नेअरवर (ड्रमच्या कडक ठोक्यावर), म्हणजे दुसऱ्या किंवा चौथ्या ठोक्यावर पडतोय का, हे टाळी वाजवून तपासा.

आणि प्रत्येकानं आपल्या घरची बोली ठेवावी. पुण्यातल्या ग्रुपमध्ये पेठेतला, सोलापूरचा, विदर्भातून शिकायला आलेला असे सगळे असतात. एकाचं 'कशाला' आणि दुसऱ्याचं 'काहून' एकाच गाण्यात आलं तर आवाज वेगळे कळायला त्याची मदतच होते. सगळ्यांनी एकसारखी 'रॅपर भाषा' लावली की ग्रुप एकाच माणसासारखा ऐकू येतो.

यूट्यूबवरचा 'फ्री' बीट वापरला तर चालतो का?

सरावाला चालतो. सिंगलला वापरण्याआधी वर्णनातल्या अटी पूर्ण वाचा. 'फ्री' म्हणजे बहुतेक वेळा पैसे न कमावणाऱ्या वापरापुरतं मोफत. स्पॉटिफाय, जिओसावन किंवा मॉनेटाइझ केलेल्या यूट्यूब चॅनेलवर टाकलं की ती अट मोडते.

लीजवर, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायला घेतलेला बीट एकाच वेळी अनेकांना विकलेला असतो. लीजमध्ये किती स्ट्रीम्सपर्यंत परवानगी आहे याची मर्यादा असते, ती ओलांडली की नवं लायसन्स घ्यावं लागतं. शिवाय लीजच्या बीटवरचं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (गाणं आपोआप ओळखून दावा लावणाऱ्या यंत्रणेत) टाकायचं नाही. टाकलंत, तर तोच बीट घेतलेल्या दुसऱ्या रॅपरच्या व्हिडिओवर तुमचा दावा लागतो, त्याचा तुमच्यावर लागतो, आणि भांडण मिटेपर्यंत कमाई अडकते. वितरकाच्या (गाणं स्ट्रीमिंग ॲप्सवर पोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्ममध्ये कंटेंट आयडीची खूण असते, ती रिकामी सोडा.

सगळ्यात उत्तम म्हणजे शहरातल्याच बीटमेकरबरोबर बसून बनवलेला बीट. हुकच्या आधी अर्धा बार बीट तोडणं, एखाद्याच्या वर्सखालून हाय-हॅट (झांजेची टिकटिक) काढून घेणं, हे तयार बीटमध्ये धड जमत नाही आणि ग्रुपला त्याचीच गरज असते. लीजच घ्यायची असेल तर ट्रॅक वेगवेगळे देणारी, म्हणजे स्टेम्सची लीज घ्या.

जुन्या लावणीचा किंवा पोवाड्याचा तुकडा सॅम्पल केला तर?

दोन हक्क वेगळे धरा. एक शब्द आणि चालीचा, दुसरा त्या ध्वनिमुद्रणाचा. भारतीय कायद्यात शब्द-चालीचा हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो आणि ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. पारंपरिक पोवाड्याची चाल कोणाच्या मालकीची नसेल, पण गेल्या काही दशकांत झालेलं त्याचं रेकॉर्डिंग कंपनीच्या मालकीचं असतं. 'आठ सेकंदांपर्यंत चालतं' असा नियम कायद्यात कुठेही नाही.

परवानगी मिळत नसेल तर पारंपरिक चाल स्वतः वाजवून घ्या. डफ आणि तुणतुणं वाजवणारा माणूस पुण्यात शोधला की सापडतो, आणि ताजं रेकॉर्डिंग जुन्या खरखरीत तुकड्यापेक्षा मिक्समध्ये कितीतरी सोपं जातं.

घरी रेकॉर्डिंग करता येईल का?

येईल. बीट स्टुडिओत आणि आवाज घरी, असंही करता येतं. खोली आणि वेळ यांच्याकडे मात्र माइकपेक्षा जास्त लक्ष द्या.

खोली शक्य तितकी भरलेली निवडा: कपड्यांचं कपाट, गादी, पडदे. गोधड्या किंवा जाड रजया लावायच्या त्या माइकच्या मागे नाही, रॅपरच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना. कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो, त्यामुळे रॅपरच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाज थेट त्यात शिरतो. टिंबर मार्केटमधून लाकडी पट्ट्या आणून सहा फुटी चौकट केली आणि त्यावर गोधडी टांगली की हलवता येणारा पडदा तयार. माइकची पाठ खिडकीकडे करा. पंखा बंद, फ्रिजचा आवाज येत असेल तर तोही टेकपुरता बंद. सिंहगड रस्ता किंवा हडपसरसारख्या भागात रस्त्याकडेच्या खोलीत दिवसा रेकॉर्डिंगच्या भानगडीत पडू नका, हॉर्न आणि कुकरच्या शिट्ट्या नंतर काढता येत नाहीत.

खोली अजिबात शांत नसेल तर बारीक आवाजही टिपणाऱ्या कंडेन्सर माइकऐवजी शुअर एसएम ५८सारखा डायनॅमिक माइक घ्या, तो आजूबाजूचं कमी उचलतो. एसएम ७बी घेत असाल तर त्याला ६० डेसिबलच्या आसपास गेन (माइकचा आवाज वाढवणं) लागतो. स्वस्त इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारं यंत्र) तेवढा गेन देताना खरखरतो, हे आधी तपासा.

तोंड आणि माइक यांत १५ ते २० सेंटिमीटर, मधे पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी). मराठीत 'प' आणि 'ब'बरोबरच 'फ', 'भ', 'ख', 'घ', 'ध' यांतही हवेचा झोत असतो. म्हणून माइक तोंडासमोर नाकाच्या रेषेत न ठेवता थोडा बाजूला ठेवून तोंडाच्या कोपऱ्याकडे वळवा, 'भाई' म्हटल्यावर होणारा धप्प आवाज बहुतेक जातो. पाय कुठं ठेवायचे तिथं फरशीवर चिकटपट्टी लावा. दुसऱ्या दिवशी एक ओळ पुन्हा घ्यायची वेळ आली तर अंतर तेच राहतं, नाहीतर जोड ऐकू येतो.

सेटिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. लेव्हल सगळ्यात जोरकस ओळीवर ठरवायची, ती उणे १० ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान यावी. बऱ्याच जणांची लेव्हल चेक करताना हळू आणि टेकमध्ये मोठ्यानं होते, तिथंच आवाज फाटतो. हेडफोन बंद कपाचे हवेत, नाहीतर क्लिक आणि बीट माइकमध्ये गळतात. सतत घूं येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष अर्थिंगचा आहे, माइकचा नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालवून टेक घ्या आणि केबल संशयास्पद असेल तर तापकीर गल्लीतून बॅलन्स्ड एक्सएलआर केबल बदलून आणा.

प्रत्येकाचे मुख्य टेक तीन-चार, त्यानंतर डबल, म्हणजे त्याच ओळी पुन्हा म्हणून घेतलेला दुसरा थर. पंच-इन करताना, म्हणजे मधलीच एखादी ओळ पुन्हा घेताना, चार बार आधीपासून बीट सोडा आणि आधीची ओळही म्हणत या, म्हणजे दम आणि जोर जुळतो.

मिक्समध्ये सगळे आवाज एकमेकांत का मिसळतात?

बहुतेक वेळा सगळे सगळीकडे डबल करतात म्हणून. वर्समध्ये डबल फक्त ओळीच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांवर ठेवा. हुकवर मात्र तीन-चार थर घ्या: एक मधोमध, दोन डावी-उजवीकडे, जमल्यास एक वरच्या पट्टीत. थरांची सुरुवात ३० मिलिसेकंदांपेक्षा पुढेमागे झाली की 'स' आणि 'त' दोन-दोनदा ऐकू येतात. बाजूच्या थरांतले शेवटचे 'स', 'ट', 'क' सरळ कापून टाका, मधल्या आवाजातले पुरतात.

सगळ्यांवर ८० ते १०० हर्ट्झच्या खाली कट लावा. त्यापुढे एकच प्रीसेट सगळ्यांना चिकटवू नका. जाड आवाजातून २०० ते ३०० हर्ट्झचा गाळ थोडा कमी करा, पातळ आवाजातून तो काढला तर उरतं काय? 'स', 'श', 'च' टोचत असतील तर डी-एसर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. ॲड-लिब्ज (मागून टाकलेले छोटे शब्द) एकाच सदस्याकडे किंवा फार तर दोघांकडे द्या. पाच जणांची मागून 'हां, हां' गाण्याचा बाजार करते.

स्टुडिओत दणदणीत वाटतं, मोबाइलवर बास गायब. का?

८०८चा, म्हणजे बीटमधल्या खोल बासचा, खालचा 'एफ' सूर साधारण ४४ हर्ट्झचा असतो. मोबाइलचा स्पीकर इतकं खालचं वाजवूच शकत नाही. त्या सुराचे पट ८८, १३२, १७६, २२० असे वर जातात आणि कानाला वरचे पट ऐकू आले तरी बास आहे असं वाटतं. म्हणून ८०८वर सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा इफेक्ट) लावायचं, त्यानं वरचे पट उठून येतात. आवाज वाढवून हे होत नाही, उलट लिमिटर (आवाजाची कमाल पातळी रोखणारं साधन) त्या न ऐकू येणाऱ्या बासपायी सगळं गाणं दाबून टाकतो. ८०८ मोनोत ठेवा. किक आणि ८०८ एकत्र वाजले की बास पातळ होत असेल तर एकाचा फेज उलटा करून ऐका.

मिक्स मोबाइल, ब्लूटूथ स्पीकर आणि गाडी या तिन्हींवर ऐकल्याशिवाय मंजूर करू नका.

मास्टर, म्हणजे रिलीजसाठीची अंतिम प्रत, किती मोठ्या आवाजाची हवी?

स्पॉटिफाय साधारण उणे १४ लफ्सला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) गाणी समपातळीवर आणतं. त्याहून मोठं दिलं तर ते खाली ओढतं. ट्रॅपचा (जड बासच्या रॅपचा) मास्टर थोडा मोठा असायला हरकत नाही, पण ट्रू पीक (आवाजाचं सर्वात उंच टोक) उणे १ डेसिबलच्या वर नेऊ नका. मूळ गाण्याबरोबर नुसता बीट, नुसते आवाज आणि शिव्या काढलेली आवृत्ती त्याच बैठकीत काढून घ्या, सहा महिन्यांनी प्रोजेक्ट उघडेलच याची खात्री नसते.

श्रेय आणि पैसे कसे वाटायचे?

रेकॉर्डिंगच्या आधी, एका कागदावर, सगळ्यांच्या सह्यांनी. कागदावर दोन तक्ते करा. पहिल्यात शब्द आणि संगीत: कोणी किती लिहिलं, बीट कोणाचा, बेरीज १००. दुसऱ्यात रेकॉर्डिंगची मालकी: खर्च कोणी केला, मास्टर कोणाचा, बेरीज पुन्हा १००. बीटमेकरला दोन्हींत काय मिळणार हे स्पष्ट लिहा. सगळ्यांना समान वाटा हा सगळ्यात टिकाऊ तोडगा आहे, आणि हुक लिहिणाऱ्याला थोडा जास्त देणं न्याय्यच आहे.

हा प्रश्न हिप-हॉपच्या पहिल्या मोठ्या सिंगलइतकाच जुना आहे. १९७९मध्ये निघालेलं शुगरहिल गँगचं 'रॅपर्स डिलाइट' अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट १००मध्ये ३६व्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याचा पाया शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'वर होता आणि नाइल रॉजर्स व बर्नार्ड एडवर्ड्स यांना नंतर रचनाकार म्हणून श्रेय द्यावं लागलं. एका वर्समधल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ या ग्रुपबाहेरच्या रॅपरच्या होत्या, त्याचं टोपणनावसुद्धा तसंच राहिलं होतं, पण श्रेय त्याला मिळालं नाही. १९८२चं 'द मेसेज' निघालं ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह या नावानं, प्रत्यक्षात गाण्यात मुख्यतः मेली मेल आणि ग्रुपबाहेरचा ड्यूक बूटी यांचेच आवाज आहेत. पुढच्याच वर्षी तो ग्रुप फुटला.

लेबलचा कागद आला तर मुदत आणि प्रदेश शोधा. हक्क सोपवण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायद्यानुसार ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. '२०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा काढून घेता येत नाही' हे लक्षात ठेवा आणि शब्द लिहिणाऱ्या प्रत्येकानं आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं) सदस्यत्व घ्यावं. ते एकानं ग्रुपच्या वतीनं घेऊन भागत नाही.

वितरकाचे पैसे एकाच्याच खात्यात येणार असतील तर करही त्याच्याच नावावर दिसतो. वाटणी बँकेतून करा, रोखीनं नको.

रिलीजच्या किती आधी गाणं द्यायचं?

चार आठवडे. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं असेल तर किमान ७ दिवस आधी ते तिथं पोचलेलं लागतं, आणि वितरकाची तपासणी कधीकधी लांबते. कव्हर ३००० × ३००० पिक्सेल. भाषा 'मराठी' निवडा, घाईत हिंदी राहून जातं आणि गाणं चुकीच्या प्लेलिस्टच्या रांगेत लागतं. ग्रुपचं नाव देवनागरी आणि रोमन दोन्हींत एकदा ठरवा आणि स्पेलिंग कधीच बदलू नका. नाहीतर गाणी दोन वेगळ्या प्रोफाइलवर विखुरतात. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा खुणांचा आयएसआरसी हा ओळख-कोड मिळतो. वितरक बदललात तर तोच कोड पुढे द्या, म्हणजे जुने स्ट्रीम्स टिकतात.

गणेशोत्सवाचे दहा दिवस, गाणं गणपतीचं नसेल तर, टाळा.

पुण्यात व्हिडिओ कुठेही शूट करता येतो का?

नाही. शनिवारवाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीत आहे, तिथं त्यांची परवानगी लागते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत परवानगीशिवाय चित्रित झालेल्या रॅप व्हिडिओवरून २०२३मध्ये पोलिसांत गुन्हा दाखल झाला होता. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा, त्यामुळे ड्रोन उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी नकाशावर झोन बघा. सोसायटीची गच्ची, गॅरेज, कारखान्याची शेड अशा खासगी जागा मालकाच्या लेखी होकारानं सगळ्यात सोप्या पडतात, आणि आपल्याच वस्तीतला व्हिडिओ खोटाही वाटत नाही. ताडीवाला रोडवरून आलेला रॅपर एमसी स्टॅन देशभर ओळखला गेला, तो वस्तीची भाषा आणि वस्तीचं नाव बरोबर घेऊनच.

गाणं लोकांना आवडलं, हे कशावरून ओळखायचं?

व्ह्यूजवरून नाही. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात, म्हणून सुरुवात चार बारपेक्षा लांबवू नका. २०२४पासून तिथं बारा महिन्यांत १००० स्ट्रीम्स न झालेल्या गाण्याला रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. यूट्यूबचा रिटेन्शन आलेख उघडा: कोणाच्या वर्सवर लोक सोडून जातात आणि कुठला तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकतात, ते दिसतं. पुन्हा ऐकलेला तुकडा रीलसाठी कापा, तुम्हाला आवडलेला नाही. सेव्हचं प्रमाण आणि लोक तुमच्या ओळी कमेंटमध्ये स्वतःहून लिहितात का, या दोन खुणा सगळ्यात भरवशाच्या.

विकत घेतलेले व्ह्यूज नुकसानच करतात. ते काही सेकंदांत निघून जातात, आलेख कोसळतो आणि शिफारस थांबते.

स्टेजवर गाणं स्टुडिओसारखं का होत नाही?

दम घ्यायला जागाच न ठेवल्यामुळे. दर दोन बारनंतर अर्धा ठोका मोकळा लिहा, किंवा ओळीचा शेवटचा शब्द दुसऱ्यानं उचलायचा हे आधी ठरवा. ग्रुपचा खरा फायदा हाच आहे. स्टेजसाठी मुख्य आवाज काढलेला, पण हुकचे बाजूचे थर ठेवलेला ट्रॅक बनवा. माइकची जाळी मुठीत झाकू नका, त्यानं आवाज कोंडतो आणि शिट्टी सुरू होते. खुल्या जागेत रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून सिंगल यादीत शेवटी ठेवू नका. कार्यक्रम उशिरा सुरू झाला की शेवटचं गाणंच कापलं जातं.

ग्रुप फुटला तर गाण्याचं काय?

सह्यांचा कागद असेल तर वाटे तसेच चालू राहतात, ग्रुप असो वा नसो. अडचण येते ती खात्यांची: वितरक, यूट्यूब चॅनेल आणि इन्स्टाग्राम एकाच्या फोन नंबरवर असतात आणि तोच निघून जातो. चॅनेल ब्रँड अकाउंटवर ठेवा आणि किमान दोघांना मालक करा. ग्रुपचं नाव कोणी वापरायचं हे त्याच कागदावर लिहा. नावाचा ट्रेडमार्क करायचा असेल तर कार्यक्रमांसाठी वर्ग ४१ आणि रेकॉर्डिंगसाठी वर्ग ९ बघा, आणि अर्ज एकट्याच्या नावानं न करता सगळ्यांच्या नावानं करा.